पेशीला पडलेली भीड

मगदूमांच्या घरात चहा तीनदा विचारावा लागतो. पहिल्यांदा विचारलं की पाहुणा "नको, आत्ताच झाला" म्हणतो. दुसऱ्यांदा "खरंच नको" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा" म्हणतो, आणि मग त्याला पूर्ण कप मिळतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एकतर पाच वर्षांच्या आतला असतो, नाहीतर जावई. आणि दुसऱ्या नकारावर थांबणारा यजमान कंजूष समजला जातो. त्याची आठवण पुढच्या दोन लग्नांपर्यंत निघत राहते.

हा नियम मूत्रपिंडालाही लागू पडेल असं मिरजेतल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

भूपाल मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांच्या किलोत किती ग्रॅम कमी आहेत ते शोधलं आणि म्हणून त्यांना आयुष्यभर भाजी चांगली मिळाली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली, तेव्हा त्यांच्या बैठकीत सगळी भावकी जमली आणि मूत्रपिंडांचा नुसता पाऊस पडला.

"अण्णा, एक कशाला, दोन्ही घ्या," चुलतभाऊ जिनपाल म्हणाला. त्याचं टायरचं दुकान आहे आणि जोडीनं वस्तू देण्याची त्याला सवय आहे.

"अरे असू दे, बघू," अण्णा म्हणाले. ते सगळ्यांनाच असं म्हणाले.

सख्खा धाकटा भाऊ शीतल दाराजवळ उभा होता. शीतल हे सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत पुरुषाचं नाव असतं, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतल्या कार्यालयांतून त्याला अजूनही 'श्रीमती' म्हणून पत्रं येतात. तो ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो आणि मोजकं बोलतो. तो एवढंच म्हणाला, "माझी किडनी बघा आधी."

हॉस्पिटलनं सगळ्यांची तपासणी केली. निकाल आला: एकाचंही जुळत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. एका रक्ताची इतकी माणसं आणि त्यांतलं एकही जुळू नये, याचं आश्चर्य कुणी व्यक्त केलं नाही. हळहळ मात्र सगळ्यांनी व्यक्त केली, आणि ती फार मोकळ्या मनाची होती.

ही किमया ग्रेस कांबळे यांची. हॉस्पिटलात प्रत्यारोपणाची सगळी जुळवाजुळव त्या बघत. देऊ म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या एकट्याला आतल्या खोलीत नेत, दार लावत आणि विचारत, "मनापासून?" समोरचा माणूस छताकडे बघू लागला, की त्या पुढचं काही ऐकून न घेता त्याला जिन्यापर्यंत सोडायला येत. बाहेर निकाल यायचा, जुळत नाही. कोण छताकडे बघत होतं ते कुणालाही, कधीही कळत नसे. आतल्या खोलीत त्या सगळ्यांनाच बोलवत. अगदी सगळ्यांना. मिरजेतली निदान शंभर कुटुंबं 'जुळत नाही' या दोन शब्दांवर एकत्र टिकून होती.

अण्णांचं डायलिसिस सुरू झालं, आणि कुणी काही देण्याचा प्रश्नच मिटल्यामुळे सगळे मोकळेपणानं त्यांना भेटायला येऊ लागले. दर रविवारी दुपारी मेंढीकोटचा डाव बसायचा. अण्णा आणि शीतल एका बाजूला, जिनपाल आणि जो येईल तो दुसऱ्या बाजूला. अण्णा म्हणायचे, आजारपणाआधी घरात एवढी वर्दळ नव्हती.

शीतलची बायको त्रिशला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. ती काय करते हे मगदूमांना नीटसं कळलेलं नव्हतं. एका रविवारी अण्णांनीच पानं पिसता पिसता विचारलं, "तू त्या बाटल्यांत काय भरतेस गं नक्की?"

"प्रथिन, अण्णा. माणसाच्या पेशीवरचं."

"म्हणजे औषध?"

"नाही. बाटलीवरच लिहिलेलं असतं, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. माणसाला द्यायचं नाही."

"म्हणजे माणसाचंच, पण माणसाला द्यायचं नाही," जिनपाल म्हणाला. "मग त्याचा उपयोग काय?"

"तपासायला. दुसरं औषध नीट चिकटतं की नाही ते याच्यावर बघतात."

जिनपालनं टायरवाल्याच्या नजरेनं मान हलवली. अण्णांनी मात्र पानं खाली ठेवली. "म्हणजे प्रमाण वजन," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत पितळेचं असायचं, मखमलीच्या पेटीत. त्यानं कुणी कधी कांदा तोलला नाही. पण ते नसतं तर बाजारातल्या एकाही कांद्याचा भरवसा नव्हता."

त्रिशलानं बारा वर्षांत आपल्या कामाचं इतकं नीट वर्णन ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं त्यांना पुढचंही सांगितलं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम पहाऱ्याचं. समोर आलेली पेशी आपली आहे की परकी हे त्या हात फिरवून बघतात, आणि परकी असली की मारतात. पण नुसता मारणारा पहारेकरी घरालाही परवडत नाही, म्हणून निसर्गानं त्याच पेशीवर काही रोखणारे ग्राही बसवले आहेत. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरची एक खाच. समोरच्याकडे तिच्यात बसेल अशी खूण असली आणि ती खाचेत बसली, की आत निरोप जातो: असू दे, सोड.

"म्हणजे भीड पडते," अण्णा म्हणाले.

"भीडच. समोरचा परका आहे हे पेशीला कळत असतं. पण भिडेखातर ती काही बोलत नाही."

ही भीड सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती बाळंतपणात. पोटातलं मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या रक्ताच्या हिशेबानं अर्धं परकं. तरी आईचं शरीर ते नऊ महिने सांभाळतं, कारण मूल ज्यावर पोसतं त्या वारेच्या पेशी ही खूण अंगावर घेऊनच बसलेल्या असतात. आईच्या पहारेकरी पेशी येतात, हात फिरवतात, खूण लागते, आणि संकोचून परत जातात.

त्रिशलाची प्रयोगशाळा ही खूण नव्हे, तर तिला ओळखणारा ग्राही बनवायची. माणसाच्या त्या ग्राहीचा जनुक हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालायचा. मूळ हॅमस्टर मरून कित्येक दशकं झालेली, पण त्याच्या पेशी जगभरातल्या पोलादी टाक्यांत अजून वाढताहेत. आपण कुणाचं प्रथिन बनवतोय याची चौकशी त्या करत नाहीत. टाकीतून ते गाळायचं, शुद्ध करायचं, बोटाच्या पेराएवढ्या बाटल्यांत भरून गोठवायचं.

"आणि ती खूण दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला लावली तर?" अण्णांनी विचारलं.

"तेच चाललंय," त्रिशला म्हणाली.

डावातल्या बाकीच्या तिघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर तेव्हा काहीही उमटलं नाही.

त्याच वर्षी ते झालं. काढलेलं मूत्रपिंड काही तास एका यंत्रात ठेवायचं आणि त्यातून एक द्रव फिरवायचा. त्या द्रवातून मूत्रपिंडाच्या पेशींना ती खूण बनवण्याची कृती मिळते, आणि मग त्या जन्मभर आपली खूण आपणच बनवत राहतात. रक्तगटाच्या अडचणीला डॉक्टरांनी आधीच वळसा घातलेला होता. आता पेशींचं जुळणंही लागेना. कुणाचंही कुणालाही चालणार होतं. कंपनीनं या उपचाराला 'अंगीकार' हे नाव दिलं, कारण 'दत्तक' हे नाव एका गृहकर्ज योजनेनं आधीच घेतलं होतं.

वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं: आता सगळ्यांचं जुळतं.

मानवजातीसाठी ही आनंदाची बातमी होती. नातेवाइकांसाठी ती तितकीशी नव्हती. साखरपुड्याआधी मुलाच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे का, याची चौकशी सुरू झाली. एका वधूपित्यानं पत्रिका छत्तीसच्या छत्तीस जुळत असताना स्थळ नाकारलं, कारण मुलाच्या दोन्ही काकांचा रक्तदाब चढा होता. साखर आणि रक्तदाब ही न देण्याची जुनी कारणंही आता कामाची राहिली नव्हती. प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी ते आकडे थेट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत असे. ज्यांनी ती पट्टी हौसेनं घेतली होती त्यांनी ती 'पुरळ येतो' म्हणून काढून ठेवली.

ग्रेसबाईंची आतली खोली तशीच होती. त्या अजून दार लावून विचारत. फक्त बाहेर येऊन सांगायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

जिनपालला मणक्याचा त्रास सुरू झाला. बसवत नाही म्हणाला, विशेषतः रविवारी. दुसरा एक चुलतभाऊ मुलाकडे हैदराबादला गेला तो तिथंच रमला. मेंढीकोटला चार माणसं लागतात. ती आधी तीन झाली, मग दोन. आणि मग एका रविवारी शीतलनंही सांगितलं की पेपर तपासायचे आहेत. पुढच्या रविवारीही पेपर होते. तिसऱ्या रविवारी कॉलेजला सुट्टी लागलेली होती, तरीही होते.

त्रिशलानं त्याला काही विचारलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि विचारलं तर तो खरं सांगेल अशी तिला भीती होती. तिची समजूत अशी, की तीन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत शीतलनं छताकडे बघितलं असणार. तिला त्याचा राग नव्हता. फक्त ताटात भाजी वाढताना तिचा हात हल्ली किंचित लवकर मागे यायचा.

दरम्यान अण्णांच्या हातातली शीर दाद देईनाशी झाली. डायलिसिसची सुई टोचायला हातातली एक शीर शस्त्रक्रियेनं मोठी केलेली असते. ती तिसऱ्यांदा बुजली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुढचा उन्हाळा या शिरेवर निघणार नाही. मूत्रपिंडाचं काहीतरी बघा. आता तर कुणाचंही चालतं."

"हो, आता कुणाचंही चालतं," अण्णा म्हणाले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी अण्णा कुपवाडला प्रयोगशाळेत आले. बिनचालकाच्या रिक्षानं आले होते. मीटर किलोमीटरमागे थोडा जास्त पळतो हे त्यांनी वाटेतच ताडलं होतं, पण भांडायला समोर माणूस नसल्यामुळे जरा खट्टू होते. त्रिशलानं त्यांना पायांत घालायच्या निळ्या पिशव्या दिल्या आणि चहा विचारला.

"नको, आत्ताच झाला."

ती पुन्हा विचारणार तोच त्यांनी हात वर केला. "आधी मला तुझं ते वजन दाखव."

तिनं गोठणपेटीतून एक बाटली काढून दाखवली. अण्णांनी ती उजेडात धरली. तळाशी पांढुरका ठिपका होता.

"हा सगळ्यांचा सारखाच असतो का गं, ग्राही?"

"नाही. शंभरात चार-पाच जणांचा थोडा वेगळा असतो. त्यांच्या खाचेत ती खूण बसत नाही. त्यांना अंगीकार लागू पडत नाही. म्हणून ऑपरेशनआधी त्या माणसाचाच ग्राही आम्ही इथं तयार करतो, आणि खूण चिकटते का ते बघतो."

"माझा करशील?"

"करीन की. हॉस्पिटलकडून नमुना यावा लागेल, पण तो तसाही येणारच—"

"कर. आणि वेगळा निघू दे."

त्रिशलानं बाटली परत ठेवली आणि गोठणपेटीचं झाकण लावलं. "वेगळा निघाला तर अंगीकार चालणार नाही, अण्णा."

"तेच म्हणतोय. जुळत नाही असं येऊ दे. खऱ्यानं आलं तर उत्तमच. नाही आलं तर तू आहेस."

"आणि उन्हाळा?"

अण्णांनी पायांतल्या निळ्या पिशव्यांकडे बघितलं. "हे बघ, जगायचा कंटाळा आलाय असं नाही. पण मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कुणाचंच जुळत नव्हतं तोवर रविवारी घरात चार माणसं होती. आता सगळ्यांचं जुळतं, तर मी एकटा बसून पत्त्यांचा पेशन्स लावतो. जिनपाल परवा बाजारात दिसला. मला बघून असा काही लंगडला, की मलाच वाईट वाटलं. बरं, लंगडला मणक्यानं नव्हे, गुडघ्यानं."

त्रिशलाला हसू आलं आणि ते तिनं आवरलं.

"जिनपालचं जाऊ दे," अण्णा म्हणाले. "शीतल येईना, ते मनाला लागतं."

"त्यांना वाटत असेल, आता पुन्हा सगळं विचारतील म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा त्यांचं जुळलं नव्हतं, ते बरंच—"

"जुळलं होतं."

गोठणपेटीची घरघर तेवढी चालू होती.

"चांगलं जुळलं होतं," अण्णा म्हणाले. "ग्रेसबाईंनी मला आत बोलावलं. त्या पेशंटलाही बोलावतात, एकट्याला. म्हणाल्या, भाऊ तयार आहे, मनापासून तयार आहे, मी दोनदा खात्री केली. तुम्ही घ्याल ना? मी म्हटलं, नको."

"का?"

"का म्हणजे? पहिल्यांदाच विचारत होत्या त्या. लगेच हो कसं म्हणणार?"

त्रिशला स्टुलावर बसली.

"मला वाटलं, पुन्हा विचारतील," अण्णा म्हणाले. "हॉस्पिटलवाले एकदाच विचारतात हे मला काय माहीत. मी बाहेर येऊन बसलो, तर जाहीरच झालं, जुळत नाही. त्यांचा नियमच तसा. कुणाचा नकार आहे हे कळू द्यायचं नाही. चांगला नियम आहे. शीतलला वाटलं त्याचंच जुळलं नाही. आणि जुळतच नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा कशाला विचारेल?"

"तुम्ही सांगायचं."

"काय सांगायचं? की अरे, मी नुसतं म्हणायचं म्हणून नको म्हटलं होतं, आता आग्रह कर?" त्यांनी मान हलवली. "तूच सांग, कुठल्या तोंडानं सांगणार."

हॉस्पिटलकडून नमुना आला, नाव नसलेला, नुसता क्रमांक. पण त्या आठवड्यात मिरजेहून एकच आला होता. त्यातून अण्णांच्या ग्राहीचा जनुक वाचला गेला, हॅमस्टरच्या पेशींत घातला गेला, आणि त्या पेशींनी कसलीही विचारपूस न करता भूपाल मगदूम यांच्या पेशीवरची ती खाच टाकीभर बनवून दिली. त्रिशलानं ती शुद्ध केली. प्लास्टिकच्या ताटलीत लहान लहान खळगे असतात. त्यांच्या तळाला तिनं अण्णांचा ग्राही चिकटवला, पडताळ्याचे दोन-तीन सोडून बाकीच्यांत वरून अंगीकारची खूण सोडली आणि खळगे धुतले. खूण चिकटलेली असली तर शेवटच्या थेंबानंतर खळगा पिवळा होतो. नसली तर पाण्यासारखा राहतो.

ती घड्याळाकडे बघत बसली. हे तिनं हजारो वेळा केलं होतं, पण नक्की कुठला रंग यावा हे ठरवता न येण्याची वेळ पहिलीच. पाण्यासारखा राहिला, तर रविवारी माणसं परत येतील आणि उन्हाळ्यात अण्णा जातील. पिवळा झाला, तर तिच्या नवऱ्याला पुन्हा त्या खोलीत जावं लागेल.

खूण सोडलेले खळगे हळदीसारखे पिवळे झाले. एकूण एक.

तिनं ताटली टाकून न देता अण्णांना बोलावून दाखवली. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ज्या खळग्यांत खूण सोडलेली नव्हती ते शोधून काढले, ते पाण्यासारखेच आहेत ना याची खात्री केली, आणि समाधानानं मान हलवली. काहीही झालं तरी तपासणी नीट झाली होती.

"म्हणजे माझ्या पेशीला भीड आहे," ते म्हणाले.

"भरपूर आहे."

"मग तू काय कळवणार?"

"अण्णा, नोकरीत तुम्ही किती खोटी वजनं पास केलीत?"

"एकदा एका ट्रस्टींचं होतं," अण्णा म्हणाले. "मंदिराच्या भांडारातलं. फार दबाव आला होता. तेही नाही केलं." मग चष्मा नाकावर घेत म्हणाले, "बरं, काय असेल ते कळव हॉस्पिटलला. पण शीतलला तेव्हाचं काही सांगू नकोस."

हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मगदूमांच्या नियमानं ते आणखी दोनदा सांगायला हवं होतं. त्रिशला तेवढी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उप्पीट वाढता वाढता तिनं सांगून टाकलं. "तुमचं जुळत होतं. अण्णांनी नको म्हटलं होतं."

शीतलनं चमचा ताटात ठेवला. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"का नको म्हटलं?"

"पहिल्यांदाच विचारलं म्हणून."

हे ऐकून दुसऱ्या कुठल्याही घरातला माणूस हसला असता किंवा ओरडला असता. शीतलनं मान हलवली. त्याला ते लगेच कळलं, आणि त्रिशलाला तेच जास्त भयंकर वाटलं.

"तुम्ही आत काय म्हणालात, ते मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

"हो म्हटलं होतं. अगदी मनापासून." तो उप्पिटातला कढीपत्ता एका बाजूला करू लागला. "पण जुळत नाही म्हणून कळलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो आणि मला हसू आलं. आनंदानं. सुटलो म्हणून. मग तीन वर्षं दर रविवारी त्यांच्या समोर बसून पानं खेळलो. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, शीतल, तू देणार होतास रे, नशिबात नव्हतं. आणि मला तो जिना आठवायचा."

"आणि आता?"

"आता ते म्हणाले, घेतो, तर मी हो म्हणेन की छताकडे बघेन, ते मला माहीत नाही. माहीत नसताना कसं जाऊन बसायचं त्यांच्यापुढं?"

त्रिशलानं त्याला आणखी थोडं उप्पीट वाढलं. या वेळी हात लवकर मागे आला नाही. "मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "दिलीत तरी आणि नाही दिलीत तरी. पण रविवारी जेवून आपण जाऊ. पेपर संपलेत तुमचे."

अण्णांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या दंडाला डायलिसिसचं नवं बँडेज होतं. दोघांना बघून त्यांनी स्वतःला धरून माणसं मोजली. मग म्हणाले, "तिघांत मेंढीकोट होत नाही."

"बदाम सात होतं," शीतल म्हणाला.

पानं वाटली. बदामाची सत्ती त्रिशलाकडे आली होती, ती तिनं टाकली. अण्णांनी छक्की लावली. शीतलकडे अठ्ठी होती. शेजारी बसल्यामुळे त्रिशलाला ती दिसत होती. पण हातात दुसरं चालणारं पान असेपर्यंत एखादं पान अडवून धरता येतं, आणि शीतलनं चौकटची सत्ती टाकली.

दोन-तीन फेऱ्या झाल्यावर तो पानांकडे बघतच म्हणाला, "अण्णा, माझी घ्या."

अण्णांनी त्रिशलाकडे एकदा बघितलं. तिनं नजर चुकवली नाही.

"खरंच नको," अण्णा म्हणाले.

दुसरा नकार. खेळ पुढे चालू राहिला. शीतलनं इस्पिकची छक्की टाकली. मग पंजी. त्रिशलानं एक पान चुकीचं टाकलं आणि ते परत घेतलं. रिवाजाप्रमाणे विचारून झालं होतं, नम्रपणे नको म्हणून झालं होतं. इथं थांबलं असतं तर शीतलला कंजूष म्हणायला बाहेरचं कुणीही तिथं नव्हतं. त्यानं हॉस्पिटलात जायचं नव्हतं, आतल्या खोलीत बसायचं नव्हतं, छताकडे बघायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं. आणि तिसऱ्यांदा विचारलं तर काय उत्तर येतं, हे या घरात लहान मुलालाही ठाऊक होतं.

अण्णाही ते जाणून होते. ते हातातली पानं उगाच लावत बसले होते. त्यांच्याकडे बदामाची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी अख्खी ओळ अडकून पडलेली असणार, कारण ते दोनदा पास बोलले.

शीतलनं चौकटची अठ्ठी टाकली. मग किलवरची सत्ती. त्याच्या हातातली चालणारी पानं संपत आली होती. त्यानं एकदा वर, छताकडे, बघितलं. तिथं पंखा होता, हिवाळा असल्यामुळे बंद. त्यानं नजर खाली आणली.

मग त्यानं बदामाची अठ्ठी काढून सत्तीच्या शेजारी ठेवली, बोटानं सरळ केली, आणि म्हणाला, "घ्या की, अण्णा."

अण्णा त्या पानाकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "अर्धी."

शीतलनं हात डोळ्यांवरून फिरवला. या खोलीत विज्ञान ज्याला कळत होतं असं एकच माणूस होतं, त्यामुळे बोलायची जबाबदारी तिच्यावर आली.

"अर्धी मिळत नाही, अण्णा."

"चहा तरी कुठं अर्धा मिळतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी बदामाची नव्वी टाकली.